पारणं न फिटणारा उपास

ठाणे स्टेशनात पूर्वेच्या बाजूला उतरलं की कोपरी लागते. मुळात हे आगरी-कोळ्यांचं गावठाण. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची वसाहत बसली आणि पुढे मुंबईत नोकरी, ठाण्यात खोली असा हिशेब करणारी मराठी, गुजराती, दक्षिणी कुटुंबं येत गेली. पायी सहज पालथा घालता येईल एवढा हा भाग, पण इथल्या स्वयंपाकघरांत उपासाची तीन-चार पंचांगं एकाच वेळी चालतात. मराठी घरात श्रावणी सोमवार सुरू असतात तेव्हा शेजारच्या सिंधी घरात झुलेलालचा चाळीस दिवसांचा चालिहो असतो. हरतालिकेच्या आगेमागे सिंधी बायकांची चंद्र पाहून सोडायची तीजडी येते, जैन घरांत पर्युषणातली आठ दिवसांची अठ्ठाई येते. मार्गशीर्ष लागला की बुधवारी संध्याकाळी स्टेशनच्या दोन्ही अंगांना गुरुवारच्या पूजेची फळं, डहाळ्या आणि महालक्ष्मीच्या व्रतकथेच्या पुस्तिका घेऊन विक्रेते बसतात. घरी परतणाऱ्या बायकांच्या खांद्यावरच्या पिशवीत डब्याशेजारी पूजेचं सामान जातं.

1973 साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ बहुतेक मराठी घरांत लटकलेलं असतं. त्याची पानं उलटत कुणी हिशेब मांडला तर वर्षाच्या 24 एकादश्या, 12 संकष्ट्या, श्रावणातले चार सोमवार, मार्गशीर्षातले चार गुरुवार आणि नवरात्राचे नऊ दिवस मिळून त्रेपन्न होतात. त्यात हरतालिका, ऋषिपंचमी, महाशिवरात्र, जन्माष्टमी अजून धरलेली नाहीत. शिवाय आठवड्याचा एक वार देवाला दिला की आणखी बावन्न. एवढं सगळं कुणी एकटी बाई करत नाही हे खरं. पण तिने केलंच, तर तिला कुणी अडवतही नाही, आणि या न अडवण्याशीच या पुस्तकाचा संबंध आहे.

घरातली सोळा वर्षांची मुलगी ताट सरकवून उठली तर आई हटकते, बाप कुरकुरतो, आजी दृष्ट काढते. तीच मुलगी ‘आज माझा उपास आहे’ म्हणाली तर प्रश्न मिटतो. उलट कौतुक होतं. ‘आमची सोनू बघा, या वयात संकष्टी धरते’ हे वाक्य पाहुण्यांसमोर अभिमानाने उच्चारलं जातं. उपास म्हणजे आजार नव्हे, आजाराला मात्र उपासाची फार चांगली ओसरी मिळते. उपाशी राहत जाण्याचा ॲनोरेक्सिया किंवा खाऊन ओकण्याचा बुलिमिया हे विकार आपल्याकडे ‘फॅशनवाल्या पोरींचे’, मॉडेलिंगचे, उच्चभ्रू वस्तीतले समजले जातात. देवघरातून त्यांना वाट असू शकते, हा विचार ना घरच्यांच्या मनात येतो ना पुष्कळदा डॉक्टरच्या.

या विकारांची आध्यात्मिक बाजू पाहणं म्हणजे धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं, असा समज कुणी करून घेऊ नये. कारणं अनेक असतात. आनुवंशिकता, स्वभावातला काटेकोरपणा, वयात येतानाची घालमेल, कुणीतरी सहज मारलेला ‘जाडे’चा टोमणा, हातातल्या फोनवरचे चेहरे. ही यादी आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तिच्यावर इथे जास्त रेंगाळण्यात अर्थ नाही. कमी बोललं जातं ते आजारी मुलीच्या मनातल्या भाषेबद्दल. ती वजनाबद्दल बोलेलच असं नाही. ‘न खाल्लं की हलकं वाटतं’, ‘मन ताब्यात राहतं’, ‘खाल्लं की पाप केल्यासारखं वाटतं’ अशी तिची वाक्यं असतात. शुद्धी, संयम, पाप, प्रायश्चित्त हे शब्द तिने कुठल्या मासिकातून उचललेले नसतात, ते घरातच ऐकलेले असतात.

ही भाषा फार जुनी आहे आणि केवळ आपली नाही. इटलीतल्या सिएना गावची कॅथरीन 1347 साली जन्मली आणि 1380 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. अखेरच्या वर्षांत ती चर्चमधल्या प्रसादाखेरीज जवळजवळ काही घेत नसे. तिच्या धर्मगुरूंनी तिला जेवण्याची आज्ञा केली होती. तिचं उत्तर असे की, खाणं जमतच नाही. चर्चने तिला संतपद दिलं आणि 1970 मध्ये धर्माचार्य हा मानही दिला. अमेरिकी इतिहासकार रूडॉल्फ बेल यांनी 1985 साली अशा इटालियन संत स्त्रियांवर पुस्तक लिहून त्यांच्या उपासांची आजच्या ॲनोरेक्सियाशी तुलना केली. दोनच वर्षांनी कॅरोलिन वॉकर बायनम यांनी वेगळी बाजू मांडली. मध्ययुगातल्या बाईच्या हाती जमीन नव्हती, पैसा नव्हता, सत्ता नव्हती. तिच्या ताब्यात होतं ते फक्त अन्न, म्हणून ती तेच देवाला देत होती आणि तेच नाकारत होती. दोघांपैकी बायनम यांचं म्हणणं मराठी वाचकाला लगेच पटेल. चूल जिच्या ताब्यात आणि बाकी काही नाही, अशी बाई आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही.

वैद्यकाने ॲनोरेक्सियाला नाव दिलं ते 1873-74 च्या सुमारास, लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, जवळपास एकाच वेळी. त्याच्या थोडंच आधी, 1869 च्या डिसेंबरात, वेल्समधली सारा जेकब ही बारा वर्षांची मुलगी मरण पावली होती. अन्नाशिवाय जगणारी चमत्कारी मुलगी म्हणून लोक तिच्या दर्शनाला येत, तिच्यापाशी पैसे ठेवत. खरंखोटं करायला नर्सेसचा पहारा बसवला आणि त्या पहाऱ्यातच काही दिवसांत तिचा प्राण गेला. आईवडिलांना शिक्षा झाली. दर्शनाला येणाऱ्यांना अर्थातच झाली नाही.

आपल्याकडची गोष्ट इतकी जुनी नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत तेरा वर्षांची एक जैन मुलगी अडुसष्ट दिवसांचा उपवास पूर्ण करून वारली. पालकांवर गुन्हा नोंदवला गेला, आणि परंपरेचा मान की मुलीचा जीव यावर देशभर वाद झाला. जैन परंपरेत दीर्घ उपवासाला जो आदर आहे तो बाहेरच्याने उगाच हिणवू नये. पण तेरा वर्षांच्या मुलीचा संकल्प किती तिचा आणि किती भोवतालच्या टाळ्यांचा, हे विचारण्याचा हक्क त्याच परंपरेतल्या आईबापांना आहे.

महाराष्ट्राने उपास देवघराबाहेरही पाहिले आहेत. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध थांबवून देह ठेवला. सावरकरांनी 1966 मध्ये असाच शेवट निवडला होता. आपलं जीवितकार्य संपलं असं मानणारे ते वृद्ध होते आणि लोकांनी त्याकडे आदरानेच पाहिलं. मात्र त्या आदराची सावली शाळकरी मुलीच्या रिकाम्या ताटावर पडते तेव्हा घोटाळा होतो. अन्नत्याग म्हणजे मनाची थोरवी, हे समीकरण आपण वय न विचारता वापरतो.

बाईच्या जेवणाचा इतिहास पाहायचा तर पंडिता रमाबाईंपाशी थांबावंच लागतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नीला संस्कृत शिकवणारे, काळाच्या पुढचे विद्वान. तीर्थयात्रा, दानधर्म आणि उपासतापास करत हे कुटुंब दक्षिणेत फिरत राहिलं. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण भुकेने गेले. देव काहीतरी करील म्हणून उरलंसुरलं देवाला वाहत गेल्याची आठवण रमाबाईंनी 1907 साली लिहिली. त्याआधी, 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात, उच्चवर्णीय विधवेला दिवसातून एकदाच जेवायला मिळतं हे त्यांनी जगापुढे मांडलं होतं. त्या एकभुक्ताला कुणी उपासमार म्हणत नव्हतं, त्याचं नाव धर्म होतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून त्यांना जेवू घालणाऱ्या रमाबाई समजून घ्यायच्या असतील, तर ही दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचावीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, ज्याचा पहिला भाग 1934 साली आला, त्यांच्या वडिलांचं सोवळं आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा. वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी. पण पाण्यात विरघळून जाणाऱ्या त्या मिठाबरोबर घरातल्या बायकांचं काय काय वाहून गेलं असेल, हे हसू ओसरल्यावर लक्षात येतं. अन्न शुद्ध असलंच पाहिजे या ध्यासाला अमेरिकेत स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या डॉक्टरने 1997 साली ‘ऑर्थोरेक्सिया’ असं नाव दिलं. ते नाव नवं असेल, वृत्ती लक्ष्मीबाईंच्या माहेरी, जलालपूरच्या त्या घरात शंभर वर्षं आधी नांदत होती. आज तीच वृत्ती ‘सात्त्विक’, ‘डिटॉक्स’, ‘क्लीन’ असे शब्द लेवून परत आली आहे. कांदा-लसूण सोडणं, मग गहू सोडणं, मग साखर, मग दूध. सोडलेल्या पदार्थांची यादी वाढते आणि प्रत्येक पायरीवर शाबासकी मिळते.

एक विरोधाभास इथे नोंदवायलाच हवा. मनुस्मृतीने स्त्रीला स्वतंत्र यज्ञ, व्रत, उपवास नाही असं सांगून टाकलं. प्रत्यक्षात व्रत हीच तिच्या मालकीची एकमेव गोष्ट उरली. हरतालिकेच्या रात्री जागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या, एकमेकींना धरून हसणाऱ्या बायका उपासमार करत नसतात. वर्षातली एक रात्र त्या स्वतःसाठी मिळवत असतात. व्रताने बाईला मैत्रिणी दिल्या, घराबाहेर पडायला निमित्त दिलं, ‘आज मी अमुक करणार नाही’ असं म्हणण्याची ताकद दिली. हे बळ खरं आहे, आणि म्हणूनच मुकाट्याने वाढणाऱ्या, नाही म्हणायला न शिकलेल्या एखाद्या मुलीला ते भुरळ घालतं. तिला पहिल्यांदाच कशालातरी ‘नाही’ म्हणता येतं आणि ते कुणाला खटकतही नाही.

मग व्रत कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो? उत्तर परंपरेतच आहे. व्रताला संकल्प असतो आणि शेवट असतो. दिवसाच्या उपासाला पारणं असतं, वर्षांच्या व्रताला उद्यापन असतं, आणि दोन्हींत जेवण अटळ असतं, स्वतःचं आणि दुसऱ्यांचंही. आजारी मुलीचं पारणं फिटत नाही. द्वादशीची सकाळ उजाडते आणि ती म्हणते, ‘भूकच नाही’. चंद्र उगवतो, सगळे पानावर बसतात, आणि ती वाढायला उभी राहते. सोळा सोमवार झाले की सतरावा धरते. एखादीचं पारणं मग उलट्या टोकाला जातं. दिवसभर दाबलेली भूक रात्री डब्यांवर तुटून पडते, आणि मग शरम, बाथरूमचं बंद दार, दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण घरात तिला चिडवायला वापरली जाते. तिच्यासाठी ती थट्टा नसते.

धर्मशास्त्राने व्रताला सवलतीही भरपूर दिल्या आहेत. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिताना व्रतांवर जवळजवळ अख्खा एक ग्रंथभाग खर्च केला. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं सांगणारं एक प्रसिद्ध वचन या शास्त्रात आहे. पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, आणि शेवटी दोन महत्त्वाच्या, गुरूचा शब्द आणि औषध. एकादशीचं बंधन आठ वर्षांच्या आत नाही आणि ऐंशीनंतर नाही. ठाण्याच्या मुंब्र्यात आणि राबोडीत रमजान पाळणाऱ्या बायकांनाही आजार आणि गरोदरपण यांत रोजा सोडण्याची मुभा त्यांच्या धर्मानेच दिली आहे, पाळीत तर रोजा धरायचाच नसतो. गीतेतही, ज्यावर ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये भाष्य पुरं केलं, खूप खाणाऱ्याला तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असं सांगितलं आहे, आणि देहाला छळणारे आतल्या देवालाच छळतात असंही. सहा वर्षं देह वाळवल्यावर बुद्धाने पहिला घास घेतला तो सुजाता नावाच्या बाईने आणलेल्या खिरीचा. तैत्तिरीय उपनिषद तर अन्नाची निंदा न करण्यालाच व्रत म्हणतं.

गुरूच्या शब्दाने आणि औषधाने जे मोडत नाही ते व्रत, एवढं धरलं तर सिएनाच्या कॅथरीनचं दुखणं कळतं. तिला गुरूंनी सांगितलं होतं, तरी तिला खाता आलं नाही. जिथे सवलत मिळूनही घास उतरत नाही तिथे श्रद्धा मागे राहिलेली असते आणि आजाराने सूत्रं हाती घेतलेली असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते घरातल्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही सर्वात उपयोगी खूण आहे.

भूक स्वतः मन बदलते, हेही ध्यानात ठेवावं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना ना देवाचं वेड होतं ना आरशाचं. तरी ते चिडखोर, उदास झाले, एकटे राहू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक जेवण तासनतास चघळत बसले. काहींची ही घालमेल पोटभर खाणं सुरू झाल्यावरही महिनोन् महिने टिकली. म्हणून ‘तिचा स्वभावच हट्टी झालाय’ म्हणून मुलीला रागावण्याआधी हे ध्यानात घ्यावं की त्या हट्टातला बराचसा भाग भुकेचा असतो. दीर्घ उपासानंतर एकदम भरपेट खाल्लं तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन हृदयावर बेतू शकतं, हे डॉक्टर जाणतात. जैन घरांतलं पारणं मुगाच्या पाण्याने होतं, त्यातही हाच शहाणपणा आहे.

आपल्या मुलींचं निदान का हुकतं, याचं एक कारण निदानाच्या पुस्तकांतच होतं. ‘जाड होण्याची भीती’ ही अट पाश्चात्त्य रुग्णांवरून आलेली. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की त्यांच्या अनेक चिनी रुग्ण मुलींना अशी भीती नव्हती. पोट फुगतं, भूक लागत नाही, एवढंच त्या सांगत. 2013 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नव्या निकषांत ही भीती बोलून दाखवलीच पाहिजे असा आग्रह उरला नाही, आणि पाळी थांबण्याची अटही गेली. पाळीचा मुद्दा आपल्याकडे आणखी गुंतागुंतीचा आहे. ज्या घरात अजून पाळीत देवघर वर्ज्य आहे, तिथे वजन घटून पाळी थांबलेल्या मुलीला महिनाभर देवापाशी जाता येतं. शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं आणि तिला ते पावित्र्य वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत भारतातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया आणि 15 ते 19 मधल्या 59 टक्के मुली ॲनिमियाग्रस्त आढळल्या. याला उपास कारण आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. मात्र मुळातच फिकट असलेल्या मुलींमध्ये आणखी एक फिकट मुलगी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, एवढं नक्की.

निदानाचे निकष बदलतात, तसे उपासाचे नियमही बदलत आले आहेत, म्हणून साबुदाण्याबद्दल दोन शब्द. तो मुख्यत्वे सेलमकडून येतो, ज्या कंदापासून बनतो तो कंद दक्षिण अमेरिकेतून आला. बटाटा, मिरची, शेंगदाणाही तिकडचेच. म्हणजे आपली ‘शास्त्रोक्त’ खिचडी बहुतांशी पोर्तुगीज गलबतांची देणगी आहे. उपासाला काय चालतं हे माणसांनी वेळोवेळी ठरवलं. तर पुन्हा ठरवायलाही हरकत नसावी.

या परंपरेत मुलीला जेवू घालण्याचा धर्मही तितकाच ठळक आहे, आणि बरं होण्याची वाट बहुधा तिथूनच जाते. भाद्रपदात गौर येते ती माहेरवाशीण म्हणून, आणि तिच्यासाठी पुरणपोळी, सोळा भाज्या होतात. कोकणात आणि ठाणे परिसरातल्या अनेक आगरी, कोळी, कायस्थ घरांत तिला तिखटाचा, माशामटणाचा नैवेद्यही असतो. देवी उपाशी राहत नाही, ती खाते. नवरात्रात कुमारिकांना पाटावर बसवून जेवू घालतात. भोंडल्यात मुली फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा गलका होतो. लग्नात मुलीला माहेरहून अन्नपूर्णेची मूर्ती मिळते, पळी हातात घेऊन शंकराला वाढणारी. या सगळ्यात मुलगी खाण्याची हक्कदार आहे. मग त्याच घरात तिची पंगत शेवटची का, तिच्या वाट्याला कढईला लागलेलं का, आणि ‘मुलीच्या जातीला इतकी भूक बरी नव्हे’ हे वाक्य अजून का ऐकू येतं? आजाराशी लढताना मुलीला पुन्हा जे पटवून द्यावं लागतं ते एवढंच, की पानावर बसण्यासाठी तिला आधी काही कमवावं लागत नाही.

उपचार पथकाने करायचे असतात. मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि घरचे. ठाण्याला मनाच्या आजारांची जुनी ओळख आहे. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इथेच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली, आणि आधुनिक मानसोपचाराला भारतीय चिंतनाशी जोडून पाहण्याचा प्रयत्न त्यांनी सातत्याने केला आहे. अशी जोडणी इथे फार कामाची. श्रद्धाळू मुलीला ‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगणारा डॉक्टर तिला गमावून बसतो. तिच्या कीर्तनकाराने, गुरुजींनी, मौलवींनी किंवा पाद्रींनी ‘बाळ, तुला आता व्रत माफ आहे, औषध हेच तुझं व्रत’ असं चारचौघांत सांगितलं, तर डॉक्टरचं अर्धं काम सोपं होतं. देवळांच्या विश्वस्तांनी नवरात्रापूर्वी एखादा सूचनाफलक लावायला काय खर्च येतो? अठराखालच्या मुलींनी, गरोदर आणि आजारी स्त्रियांनी निर्जळी उपास करू नये, एवढ्या दोन ओळी पुरतील.

पुढच्या पानांत जे वाचायला मिळेल ते कुणाच्या देवाविरुद्ध नाही. वाचता वाचता घरातल्या एखाद्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तिची पाळी चुकतेय, हात गार पडताहेत, सगळ्यांना वाढून ती स्वतः बसत नाही असं आठवलं, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तिला डॉक्टरकडे न्यावं. उपाशी शरीराचं रक्त, नाडी, हृदय तपासून घेणं पहिलं, बोलणं-समजावणं त्यानंतर. आणि कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही उपलब्ध आहे.